ओळखीचा कोट

सकाळी पावणेआठ वाजता बंगळुरच्या जयनगर चौथ्या ब्लॉकच्या बसस्टँडवर एका म्हाताऱ्या माणसाने उल्काच्या कोटाची बाही धरली. ओढली नाही, नुसती धरली. कोटाच्या मधल्या बटणाकडे बघत तो मराठीत म्हणाला, "हे बटण अजून बदललं नाही?" उल्काने हिसका देऊन बाही सोडवली आणि समोर लागलेल्या बसमध्ये ती चढली. बस सुटली तेव्हा तो तिथेच उभा होता. १९९६च्या डिसेंबरमधला तो बुधवार होता.

उल्का पुण्याची. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. जयनगरमध्ये सत्यवतीबाईंच्या घरी वरच्या खोलीत ती पेइंग गेस्ट म्हणून राहत होती. बसस्टँडवरची गोष्ट तिने संध्याकाळी जेवताना सांगितली, आणि गंमत म्हणून सांगितली.

"काकू, तुमच्या बंगलोरचे आजोबासुद्धा फॅशन-कॉन्शस आहेत. डायरेक्ट बटणावर कमेंट."

सत्यवतीबाई भात वाढत होत्या. त्यांनी भातवाढी पातेल्यात परत ठेवली.

"मराठीत बोलला?"

"हो, चक्क."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. बाही सोडवून घेतली."

"जोरात?"

उल्काचं हसू तिथे थांबलं. "थोडी जोरात," ती म्हणाली.

सत्यवतीबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. त्यात चाळिशी उलटलेला एक माणूस कारखान्याच्या फाटकापाशी उभा होता. उल्काने तो दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. कान तसे वाटतात, असं ती म्हणाली. मग म्हणाली, सांगता येत नाही. बसस्टँडवरचा माणूस फार वाळलेला होता आणि दाढी वाढलेली होती. फोटोतला माणूस कोण, हे तिने विचारलं नाही. दिवाणखान्यात त्याचा मोठा फोटो होता, आणि त्याला हार घातलेला नव्हता.

तो माणूस म्हणजे सत्यवतीबाईंचे यजमान, सूर्यकांत. मूळचे बेळगावचे, एका सरकारी कारखान्यात इंजिनीअर. लग्नानंतर थोड्याच वर्षांत कारखान्याने त्यांना प्रशिक्षणासाठी रशियाला पाठवलं. त्यासाठी कॅन्टोन्मेंटमधल्या एका शिंप्याकडून त्यांनी लोकरीचा लांब कोट शिवून घेतला. राखी रंगाचा, माशाच्या काट्यासारख्या विणीचा, आत विटकरी अस्तर. तिकडे मधलं बटण तुटून बर्फात पडलं. तिथल्याच बाजारातून त्यांनी लाकडाचं एक जाड बटण आणून लावलं. ते बाकीच्यांशी जुळत नव्हतं. परत आल्यावर बदलू म्हणाले, बदललं नाही.

बंगळुरच्या थंडीला तो कोट जास्तच होता. आजूबाजूचे लोक स्वेटर आणि माकडटोपीवर डिसेंबर काढत. सूर्यकांत मात्र दर हिवाळ्यात कोट घालूनच कारखान्यात जात. शेजारचे त्यांना बर्फ पडलं का हो, असं विचारायचे. ते गंभीरपणे आकाशाकडे बघून "अजून नाही" म्हणायचे.

१९८४च्या डिसेंबरात एका सकाळी ते घरातून निघाले आणि कारखान्यात पोचले नाहीत. भांडण नव्हतं, आजार नव्हता, ऑफिसात काही निघालं नाही. अलीकडे बोलणं कमी झालं होतं एवढं सत्यवतीबाई सांगू शकल्या. पोलिसांनी कपडे विचारले. राखी रंगाचा कोट, मधलं बटण लाकडाचं, असं त्यांनी न अडखळता सांगितलं. डिसेंबरात त्या माणसाला कोटाशिवाय उंबरा ओलांडताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

घरी येऊन दार लावलं तर दारामागे कोट टांगलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकीत जाऊन दुरुस्ती करून घेतली. तोवर पेपरात निवेदन छापून आलं होतं. मग कितीतरी महिने बातम्या येत राहिल्या. राखी कोटातला माणूस तुमकूरला दिसला, मॅजेस्टिकच्या मोठ्या बसस्टँडवर दिसला, शहराबाहेर घाटीच्या देवळात दिसला. सत्यवतीबाई आणि त्यांचे दीर चंद्रकांत प्रत्येक ठिकाणी जाऊन आले. कोट होते, माणूस नव्हता. कोटाशिवायचा माणूस पाहिल्याचं कोणी कधी कळवलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात सत्यवतीबाई तो कोट घालून ऑफिसला गेल्या. एका सरकारी संशोधन संस्थेत त्या टायपिस्ट होत्या. सगळ्या शहराला हा कोट शोधायला सांगितलंय, तर कोट तरी दिसत राहावा, असा त्यांचा हिशेब होता. शहराने नाही ओळखला तरी एक माणूस नक्की ओळखेल. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बाह्या लांब होत होत्या म्हणून त्या दुमडल्या, तशी विटकरी अस्तराची पट्टी बाहेर दिसू लागली. सुती साडीचा पदर आत, कॉलर वर, पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट. ऑफिसच्या स्टोअर्समधले लोक "आल्या बघा रशियन मॅडम" म्हणायचे. ते पाठीमागे म्हणत, पण ऐकू येईल इतपत मोठ्याने.

सूर्यकांत चालत असत त्या वाटांनी त्या हळू चालायच्या. सुटीच्या दिवशी बनशंकरीच्या देवळापर्यंत जाऊन यायच्या. कोणी टक लावून पाहिलं की थांबायच्या. अशी अकरा-बारा वर्षं गेली, आणि कोट घालणारी बाई हीच त्यांची ओळख झाली.

उल्का आली ती या ओळखीपाशी. पगार हातात येऊ लागल्यावर तिला स्वतःची काहीतरी स्टाइल हवी होती. ब्रिगेड रोडच्या दुकानात उभ्या उभ्या ती परदेशी मासिकांचे हिवाळी अंक चाळायची. त्यातले कोट सलवार-कमीजवर आणि बंगळुरच्या कोवळ्या थंडीत कसे दिसतील, ते तिला कळत नव्हतं. मग एका सकाळी फाटकापाशी वाकून बुटाची नाडी बांधणाऱ्या सत्यवतीबाई तिने वरून पाहिल्या.

"काकू, हा लुक तुम्हाला कुठून सुचला?"

"स्वल्प थंडी वाजते गं. दुसरं काय."

परदेशी हिवाळ्यासाठी शिवलेले आणि एखादी शिवण चुकल्यामुळे इथेच राहिलेले कोट तेव्हा सरप्लसच्या दुकानांत ढिगाने मिळत. उल्काने त्यातून राखी कोट शोधला. बाह्या तशाच दुमडल्या. मधलं बटण वेगळंच हवं, नाहीतर त्यात मजा नाही, असं ती म्हणाली. सत्यवतीबाईंना बरं वाटलं. बारा वर्षांत त्यांच्यासारखं दिसावंसं कोणाला वाटलं नव्हतं. लाकडाचं बटण त्यांनी स्वतः चिकपेटेच्या बाजारातून आणलं आणि स्वतःच लावून दिलं.

त्याची किंमत त्यांना नंतर कळली. उल्काच्या ऑफिसातल्या मुग्धाने तसा कोट घेतला, मग आणखी दोघींनी. त्या डिसेंबरात जयनगरच्या रस्त्यांवर राखी पाठी दिसू लागल्या. भाजी घेता घेता सत्यवतीबाई एकदम थांबायच्या. समोर गर्दीत तो कोट चाललेला असायचा. कोट वळायचा आणि आत एखादी मुलगी असायची.

आणि आता कोणीतरी उल्काची बाही धरली होती.

त्या दिवसापासून उल्का मैत्रिणीच्या स्कूटरवरून जाऊ लागली. कोट तिने कपाटात ठेवून दिला. सत्यवतीबाई ऑफिसला जाण्याआधी रोज त्या स्टँडवर उभ्या राहू लागल्या. दिवस थोडे होते. पुढच्या शुक्रवारी श्रीरंगपट्टणला सूर्यकांतांचा विधी करायचं ठरलेलं होतं. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की दर्भाचा पुतळा करून त्यावर संस्कार करतात. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की माणसाचं रोजच्या वापरातलं एक वस्त्र त्या पुतळ्यावर घालायचं आणि बरोबरच अग्नी द्यायचा. कोणतं वस्त्र, हे कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरज नव्हती.

गुरुवारी पहाटेच्या गाडीने चंद्रकांत बेळगावहून आले. त्यांची मुलगी ईरा हिचं लग्न माघात ठरलं होतं. तिच्या सासरच्यांनी निरोप धाडला होता, तुमच्या घरात सुतक आहे की नाही ते एकदा ठरवा. चंद्रकांतांनी तो निरोप भावजयीला सांगितला नव्हता. ईराच्या आईने फोनवर सांगितला. त्या सकाळी सत्यवतीबाई स्टँडवर गेल्या नाहीत; ते चहा पीत असतानाच त्यांनी त्यांना बसस्टँडवरचा प्रकार सांगितला.

चंद्रकांतांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, या गावात मराठी बोलणारे नामदेव शिंपी थोडे आहेत का? एखाद्या म्हाताऱ्या शिंप्याने त्या पोरीला चार दिवस त्याच बसला पाहिलं असेल. विजोड बटण त्याच्या डोळ्यांत खुपलं असेल.

"असेल," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"आणि दादाच असला तर वहिनी, त्याला घर माहीत आहे."

हे बोलल्यावर त्यांनाच ते बोलायला नको होतं असं झालं. कप खाली ठेवून ते खिडकीबाहेर बघू लागले.

"माहीत आहे," सत्यवतीबाई म्हणाल्या. "यायचं नसेल त्यांना. पण म्हणून पुतळा जाळायचा?"

चंद्रकांतांना हृदयाचा त्रास होता आणि गेल्या वर्षभरात दोनदा दवाखाना झाला होता. दुपारी ते एवढंच म्हणाले, की माझ्यामागे हे करणारं कोणी नाही. सूर्यकांतांना मूल नव्हतं, चंद्रकांतांना ईराच. संध्याकाळी सत्यवतीबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"तुम्ही भाऊ म्हणून करा. ईराचं अडायला नको. मी बरोबर येते. पण कोट देणार नाही."

शुक्रवारी पहाटे टॅक्सी करून ते श्रीरंगपट्टणला गेले. नदीवर धुकं होतं. पुतळ्यावर सूर्यकांतांचा एक सदरा घातला. सत्यवतीबाई कोट घालून पायरीवर उभ्या होत्या. गुरुजींनी एकदा कोटाकडे पाहिलं आणि पुढचा मंत्र म्हटला. दर्भ कोरडा होता, पटकन पेटला. शेवटी गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, आता यांचं कुंकू. चंद्रकांतांनी भावजयीकडे पाहिलं.

"तेवढं राहू द्या," ते गुरुजींना म्हणाले.

चंद्रकांत त्याच रात्री बेळगावला गेले.

सोमवारी सकाळी सत्यवतीबाई पुन्हा स्टँडवर उभ्या राहिल्या. उल्काच्या जुन्या बसचा कंडक्टर खाली उतरून चहा पीत होता. तो आपणहून जवळ आला आणि कानडीत म्हणाला, अम्मा, तुम्ही दोन दिवस नव्हता. मग त्याने सांगितलं. एका म्हाताऱ्याने येऊन चौकशी केली, की कोट घालून एक मुलगी इथे बसला थांबायची, ती येते का. कंडक्टरने सांगितलं, मुलगी आता येत नाही, पण तसाच कोट घातलेली एक अम्मा रोज येऊन उभी राहते. आज मात्र दिसली नाही.

सत्यवतीबाईंनी विचारलं, मग?

मग काही नाही, कंडक्टर म्हणाला. म्हातारा थोडा वेळ थांबला, "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि राजाजीनगरच्या बसमध्ये चढला. तो कोणत्या भाषेत बोलला? कानडीत, आणि चांगल्या कानडीत. दाढी होती? होती. दिवस कोणता? गुरुवार की शुक्रवार, ते त्याला नक्की आठवेना.

राजाजीनगरच्या बसच्या कंडक्टरांना त्यांनी एकेक करून विचारलं. म्हातारे रोज किती चढतात उतरतात, असं ते म्हणाले. राजाजीनगरमधल्या शिंप्यांची दुकानंही त्यांनी पालथी घातली. एका रविवारी उल्का बरोबर गेली. एका दुकानात तिने मशीनवर वाकलेल्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

माघात ईराचं लग्न झालं. सत्यवतीबाईंनी साडी पाठवली, त्या गेल्या नाहीत. जायचं तर चार सकाळी चुकल्या असत्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची माहिती अशी. थंडी संपली आहे. राखी कोट घालणाऱ्या मुली आता रस्त्यावर दिसत नाहीत. सत्यवतीबाई मात्र कोट घालून रोज सकाळी स्टँडच्या मोकळ्या बाजूला उभ्या असतात. सकाळी आठलाच तिथे ऊन चटकतं. मागच्या मंगळवारी त्या कंडक्टरने त्यांना छपराखाली येऊन उभं राहायला सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथे उभं राहिलं तर बसमधल्या माणसाला दिसत नाही.