आडवा बिरोबा

अरे ऐका तर! आपली ऋतुजा न्हाय का, अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींची डिझाइनं काढती ती, तिच्या वाडीचा बिरोबा सापडला! म्हणजे अजून घरी आला न्हाय, पण सापडला. थांबा, पहिल्यापासून ऐका.

तर एका रविवारी ऋतुजा मोहोळजवळच्या वाडीत घरी गेलेली. कारखान्याच्या मालकांना मोर, कमळ सोडून काहीतरी नवीन पाहिजे होतं, म्हणून ती मोबाईलवर जुने मुखवटे शोधत बसलेली. एक लई भारी मिळाला. पितळेचा, मोठाले डोळे, वर वळलेल्या मिशा. तिनं मोबाईल आजीपुढं धरला.

"आज्जी, हे चादरीवर कसं दिसंल गं?"

आजी म्हाळसाबाई करडाला पाला चारत होती. तिनं बघितलं आन् पाला हातातून सुटला. पायातल्या चपला काढल्या आन् चक्क मोबाईललाच हात जोडले.

"देवाला अंगाखाली घालतीस व्हय गं भवाने? आपला बिरोबा हाय त्यो!"

ऋतुजा गारच पडली. तिला कुटला माहीत असणार बिरोबा? ती पाळण्यात असताना चोरांनी देवळाचं कुलूप तोडून नेलेला. आन् फोटो एकही न्हाय. देवाचा फोटो काढायचा न्हाय, ही वाडीची रीत, आन् रीत पाळायला म्हाळसाबाई काठी घेऊन दारात. तक्रार लिहून घेताना पोलिसांनी फोटो मागितला, तर "देवाचा फोटू असतोय व्हय?" म्हणून तिनं त्यांनाच झापलेलं. तवापासून वाडीत लग्न झालं की नवरा-नवरीला देवाच्या जागी मांडलेल्या नारळापुढं बसवून जागर करायचा. आता ऋतुजाच्या थोरल्या भावाचं, अजिनाथचं लग्न ठरलेलं, आन् म्हातारीचा एकच ध्यास, नातू तरी खऱ्या बिरोबापुढं बसावा.

"पण आपलाच कशावरून गं?"

"डावा गाल बघ की. खड्डा हाय न्हवं? जत्रंत आपल्या मेंढ्यानं धडक मारलेली. मग त्याला धरून देवापुढं नाक घासायला लावलं आमी!"

ती साईट परदेशातल्या लिलावाची होती. पुढच्या महिन्यात विक्री, आन् खाली लिहिलेलं, '१९६८ पासून एका जर्मन कुटुंबाकडे'.

ऋतुजा खवळली. तोच फोटो टाकून तिनं शोध घेतला, जुनी वेबपानं साठवणारी साईट धुंडाळली. आधीच्या एका विक्रीचं पान निघालं, तिथं नुसतं 'जुना संग्रह'. त्याच्याही आधी एका दुकानाचं पान, तिथं काहीच न्हाय. मुखवटा तोच, पण दर विक्रीला त्याचा इतिहास म्हातारा होत चाललेला!

तिनं सगळं लिहून पाठवलं. गोड उत्तर आलं, तो भारतात असतानाचा एखादा फोटो असेल तर कळवा.

"आज्जी, तुझी काठी नडली बघ."

त्या दिवशी म्हातारी जेवलीच न्हाय.

ऋतुजानं ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सोमेशला हे सांगितलं. सोमेशचे पप्पा मोहोळला लग्नाचं शूटिंग करायचे. तो म्हणला, "अगं, तुझ्या आई-आण्णांचं लग्न पप्पांनीच शूट केलंय की! कॅसेट असंल माळ्यावर."

होती की कॅसेट! जुना व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडून दोघं बसले. वरात झाली, पंगती झाल्या, मग देवळाचं दार. दारात तरणीताठी म्हाळसाबाई, हातात काठी.

"ए, क्यामेरा खाली ठेव!"

कॅमेरा गपकन खाली. पडद्यावर नुसती घोंगडी. ऋतुजा बंद करणार, तर सोमेश म्हणला, "थांब की, चालूच हाय अजून."

खाली ठेव म्हणल्यावर पप्पांनी खाली ठेवला. बंद कर असं कुणी म्हणलंच न्हवतं! मग कॅमेरा घोंगडीवर आडवा कलंडला, म्हणून पडद्यावर अख्खं देऊळ आडवं. आई-आण्णा आडवे, भंडाऱ्यानं पिवळा झालेला बिरोबा पण आडवा, आन् म्हाळसाबाई पदरानं त्याचा डावा गाल पुसतीय. कोपऱ्यात तारीख, साल १९९८.

ऋतुजानं ते चित्र सरळ केलं. ज्याच्यात चादरीचा एकेक धागा बसवती, त्याच सॉफ्टवेअरमध्ये लिलावाचा फोटो अर्धा पारदर्शक करून वर ठेवला. मिशीवर मिशी बसली, कानावर कान, खड्ड्यात खड्डा. सोमेश असा वरडला की शेजारच्या शेडमधली माणसं माग सोडून आली!

सगळं लिलाववाल्यांना गेलं, तक्रारीच्या कागदासकट पोलिसांना गेलं. आन् एका सकाळी त्या पानावर आलं, 'विक्रीतून मागे घेतले'. आता सरकार-सरकारचं बोलणं चालू हाय, वेळ लागणार.

"इकला तर जायाचा न्हाय न्हवं?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"न्हाय आज्जी."

"मग वाढ भाकरी."

लग्नाचं असं ठरलं, की सध्या नारळापुढं बसायचं आन् बिरोबा आला की परत. अजिनाथची होणारी बायको, पूनम, लई खूश. "म्हंजी साडी दोनदा की!"

आन् म्हातारीनं भाकरी मोडता मोडता ऋतुजाला सांगितलं, "आला की फोटू काढ गं. पण उभा काढ. लई वर्सं आडवा पडलाय बिचारा."