सतरा नंबरची कवळी

मित्रांनो, तोंडातली गोष्ट चारचौघांत काढू नये म्हणतात, पण माझा जन्मच तोंडासाठी झाला, त्याला मी काय करू? मी एक जुनी कवळी आहे. पुरी बत्तिशी नव्हे हं. समोरचे वरचे दोन दात, गुलाबी टाळूचा एक तुकडा आणि तारेचे दोन आकडे, एवढाच माझा संसार. स्वीडनच्या उत्तरेला ग्रानफोर्श गावात तागे लिंडवाल नावाचा गडी एकोणीस वर्षं बर्फावरची हॉकी खेळला. मी त्याची कवळी.

तागे एकवीस वर्षांचा असताना रबराची टणक चकती त्याच्या तोंडावर आदळली आणि दोन दात बर्फावर सांडले. खेळ काही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तो दात घडवणाऱ्या सिरीबाईंकडे गेला. त्यांनी मापासाठी दात दिसणारा जुना फोटो मागितला. तागेनं शाळेतला आणला, चर्चमधला आणला, लष्करातला आणला. सगळ्यांत तोंड डब्याच्या झाकणासारखं घट्ट.

"हसतोयस असा एकही नाही?" सिरीबाईंनी विचारलं.

"हसण्यासारखं काही घडलं नव्हतं," तागे म्हणाला.

शेवटी बाईंनी मला अंदाजानंच घडवलं. त्यांचा हात कमालीचा नेटका, पण रंग जरा जास्तच पांढरा लागला. त्या तोंडात मी लग्नाला आलेल्या पाहुणीसारखी उठून दिसायचे.

आता माझं नशीब ऐका. सामन्याआधी बर्फावर पाऊल टाकायच्या क्षणी तागे मला काढायचा आणि सामानवाल्या एव्हर्टच्या हातातल्या कपात टाकायचा. एव्हर्ट "सतरा" म्हणायचा, कारण तो तागेच्या शर्टाचा नंबर, आणि कप ओळीत मांडून ठेवायचा. संघातल्या दात पडलेल्या गड्यांचे असे अकरा कप होते. तागेनं दोनशे बारा गोल केले, त्यातला एकही मी पाहिला नाही. नुसता गलका ऐकला. मी दाखवायचे दात होते, पण दाखवायच्या वेळेलाच मला कपात ठेवत. एकदा एव्हर्टला स्वच्छतेची लहर आली, त्यानं कप धुतले आणि वरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या निघून गेल्या. त्या दिवशी गोलरक्षक होल्गरनं मला घालून ताटभर एल्क हरणाचं मटण खाल्लं. होल्गरच्या तोंडात मी काय काय पाहिलं, ते तुमच्यासारख्या लहान मुलांना सांगण्यासारखं नाही.

मग तागेनं खेळणं सोडलं आणि माझे वाईट दिवस आले. बटाटे नि लापशी खायला मी कशाला लागते? खिडकीतल्या पेल्यात मी महिनोन्‌महिने पडून राहायचे. अशात एके दिवशी क्लबचं पत्र आलं. तागेचा मान म्हणून सतरा नंबरचा शर्ट समारंभानं हॉलच्या छताला चढवणार होते, आणि तागेनं बर्फावर उभं राहून दोन शब्द बोलायचे होते.

त्याची बायको गुनवोर जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "चाळीस वर्षं तुझं बंद तोंड बघतेय, तागे. मला तुझा एक हसरा फोटो हवाय. तू गेल्यावर भिंतीवर लावायला तरी."

"मी आधी जाणार हे ठरवून टाकलंस?"

"लोणी किती थापतोस ते बघ की! हसशील ना?"

तागेनं तोंडानं झटकन श्वास आत ओढला. आमच्याकडे उत्तरेत होकार असाच देतात, त्यासाठी शब्द खर्च करत नाहीत. मी सैल झालेली. त्या होकाराबरोबर घशापर्यंत जाऊन आले.

"पण दात घालूनच," तो मला सावरत म्हणाला. "हे खिंडार गावाला दाखवणार नाही मी."

आठवडाभर त्यानं मला घालून आरशासमोर हसायचा सराव केला. पहिल्या दिवशी गुनवोरनं विचारलं, "पोटात दुखतंय का रे?" पण मला हर्षानं आभाळ ठेंगणं झालं होतं. जन्मात पहिल्यांदा मी बर्फावर जाणार होते!

तो दिवस उजाडला. चार हजार माणसं जमली होती. बर्फाकडे जाणाऱ्या बोळात एव्हर्ट आपल्या जुन्या जागी उभा होता, वय ब्याऐंशी, हातात कॉफीचा कप. गुनवोरनं तागेचा टाय नीट केला. नाव पुकारलं गेलं. तागेचं पाऊल बर्फाच्या कडेला लागलं आणि त्याचा हात तोंडाकडे गेला. अंगवळणी पडलेली गोष्ट डोक्याला विचारून होत नाही. त्यानं मला काढलं आणि एव्हर्टच्या कपात टाकलं. एव्हर्टही न बघता "सतरा" म्हणाला. तागे पुढे गेला. कॉफी चांगलीच गरम होती.

एव्हर्टनं घोट घेतला आणि तो किंचाळला, "गुनवोर, कॉफीला दात आलेत!"

"अरे म्हाताऱ्या, त्याला थांबवायचंस ना!"

"एकोणीस वर्षांत कधी थांबवलं नाही!"

"मग जा, देऊन ये!"

"बर्फावर? आणि मांडीचं हाड मोडलं, तर ते कुठल्या कपात ठेवशील?"

तेवढ्यात कर्ण्यातून तागेचा आवाज आला. "सगळ्यांना..." त्या 'स'बरोबर लांबलचक शिटी वाजली. त्याची जीभ खिंडारात गेली असणार, कारण तो थांबला. गुनवोरनं एव्हर्टचा दंड गच्च धरला. आता हा तोंड मिटणार, परत फिरणार आणि बिचारीचा फोटो राहणार! कपाच्या तळाशी मी लाजेनं अर्धमेली झाले. मित्रांनो, त्या क्षणी मला पाय असते तर मी धावत गेले असते.

मग कर्ण्यातून शब्द आले, "एव्हर्ट, माझे दात तुझ्याकडे आहेत का?"

एव्हर्टनं कप डोक्यावर उंच धरला. चार हजार माणसं हसली. आणि तागे हसला. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, जबडा सताड उघडून हसला. "काढ, काढ, फोटो काढ!" गुनवोर ओरडत होती आणि रडतही होती.

तो फोटो आता भिंतीवर आहे. त्याच्याखाली फळीवरच्या पेल्यात मी. येणारा जाणारा फोटो बघून हसतो, माझ्याकडे कुणी बघत नाही. ज्या हसण्यासाठी मला घडवलं, त्यात माझी जागा रिकामी आहे, याचं पहिले काही दिवस मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडं वाटतं. पण गुनवोर त्या फोटोवरची धूळ पुसताना त्या हसण्याकडे बघते, आणि माझं मन निवतं.

म्हणून सांगते, मित्रांनो, आपले दात नीट घासा. घरात आजोबांची कवळी असेल तर ती स्वच्छ पाण्यात ठेवा, कॉफीत नको. पण हसू आलं तर दातांसाठी अडून राहू नका. आमचा तागे चाळीस वर्षं अडून राहिला, आणि शेवटी हसला तो माझ्यावाचूनच.