कॉर्डलेस न लागणारं घर

भूकंपात गावाकडचं घर बसलं त्या रात्री ग्यानोबा आणि कस्तुराबाई शेतावर मुक्कामाला होते, म्हणून वाचले. पुढे लातुरात घर बांधताना ग्यानोबांनी गवंड्यासमोर खुर्ची टाकली आणि खांबांत सोडाच, भिंतींतसुद्धा सळई घालून घेतली.

लेक उज्वला नांदेडला दिलेली, पहिलटकरीण. स्वयंपाक करता करता आईला बोलता यावं म्हणून तिनं कॉर्डलेस फोन पाठवला. पण कस्तुराबाई स्वयंपाकघरात शिरल्या की आधी खरखर, मग सगळं गप्प.

रिजवान मेकॅनिक आला. त्यानं बॅटरी बदलली, टीव्हीजवळचा फोनचा डबा उचलून कपाटावर ठेवला, चॅनलचं बटण दाबून पाहिलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात फोन मरायचा तो मेलाच. मग त्यानं सगळा संच दुकानात नेला. तिथं रिसीव्हर कानाला लावून तो रस्त्यापलीकडच्या पानटपरीपर्यंत गेला, तरी आवाज खणखणीत.

“काका, फोन चांगला हाय. तुमच्या भितीत लोखंड लई हाय, तिकडं आवाज जाईना.”

ग्यानोबांचा चेहरा उजळला. “म्हंजी भित पक्की हाय म्हन की.”

त्या दिवसापासून घरी येणाऱ्या पाहुण्याला ते चहाआधी रिसीव्हर कानाला लावून स्वयंपाकघरात न्यायचे. आवाज गेला की पाहुणा मान डोलवायचा. गल्लीत शिकवणीच्या पोरांसाठी खोल्या बांधायचं पेव फुटलेलं. घरमालक ग्यानोबांना फोनचा संच घेऊन भिंती तपासायला बोलावू लागले. फोन नाही लागला तर पेढे वाटत. एका शिकवणीच्या इमारतीत तर तो तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू आला. व्हरांड्यातले पालक एकमेकांकडे बघू लागले. आठवड्याभरात समोरच्या शिकवणीनं पाटी लावली : ‘आमच्याकडे कॉर्डलेस लागत नाही.’

इकडे उज्वला विचारायची, पायाला सूज आली तर काय करू, आणि कस्तुराबाई उत्तर द्यायला हॉलमध्ये पळायच्या. तव्यावर भाकर जळायची. शेवटी त्यांनी ईश्वरप्पा गवंड्याला बोलावलं.

“या भितीत मोठी खिडकी पाड.”

“काकांनी बघितलं तर?”

“ते लोकायच्या भिती बघायला गेलेत.”

ग्यानोबा परतले तेव्हा कस्तुराबाई खांद्याला फोन दाबून भाकरी थापत हसत होत्या. खिडकीच्या कडेला कापलेल्या सळयांवरून त्यांनी बोट फिरवलं. खाट उचलून त्यांनी अंगणात, लिंबाखाली टाकली.

थोड्या वेळानं खिडकीतून फोन बाहेर आला. “घ्या. उज्वला इचारायलीय, आण्णा भाईर का बसलेत.”

“काय न्हाई गं,” ग्यानोबा फोनवर म्हणाले. “हवा खायलोय.” मग त्यांनी विचारलं, “तुझा कॉर्डलेस कोन्त्या खोलीत लागतो?”

“सगळ्याच खोल्यांत, आण्णा.”

ग्यानोबा खाटेवर ताठ बसले. “तू इकडं ये,” ते म्हणाले. “बाळंतपन होईस्तोवर तिथं थांबू नको.”

उज्वला रविवारच्या एसटीनं आली. मायलेकी दिवसभर स्वयंपाकघरात बोलत बसत. ग्यानोबांनी मात्र खाट आत घेतली नाही.