सीलबंद जवळा

चूक माझीच. आधीच सांगते, मागून कोणी तोंड उघडायला नको.

सून श्रुतिकाने आमच्या मसाल्यासाठी जोगेश्वरीहून लेबलं छापून आणली होती. वर माझा फोटो, खाली ‘मथुराबाईंचा घरगुती मसाला’, कोपऱ्यात हिरवा ठिपका. मसाला संपला, लेबलं उरली. जवळ्याची चटणी पाकिटात भरताना मी म्हटलं, "हीच लाव. वर पेनाने ‘चटणी’ लिही."

"आई, हिरवा ठिपका शाकाहारीचा असतो."

"जवळा काय मच्छी आहे? नखाएवढा नाही मेला! आपल्यात तो तोंडी लावायला. मच्छीत कोण धरतो?"

आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात खरंच कोणी धरत नाही. पण अंधेरीच्या सोसायटीतल्या एका बाईने ती चटणी शेंगदाण्याची समजून खाल्ली. वास आला, तर तिला वाटलं लसूण जुना असेल. जन्मात मच्छीला न शिवलेली बाई. तिने तक्रार केली. तिच्या जागी मी असते तर दारात येऊन झिंज्या उपटल्या असत्या.

मे संपताना अन्न खात्याचे शिवदास साहेब आले. पाकिटं उचलली, नमुना घेतला, मग आतल्या खोलीत शिरले. तिथे सुकवलेल्या जवळ्याची अकरा पोती. पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर ओढल्या की दोन महिने आमचं घर ह्याच पोत्यांवर चालतं. साहेबांनी त्यातलाही नमुना घेतला आणि एकेकाचं तोंड बांधून लाखेचं सील मारलं.

"अहो, ह्यांच्यावर कुठे ठिपका आहे?"

"चटणीचा कच्चा माल आहे, बाई. रिपोर्ट येईपर्यंत तुमच्याच ताब्यात. सील तोडलं तर केस."

"आणि ऊन कोण दाखवणार? दमट हवेत कोंडला तर जवळा मरेल."

"मेलेलाच असतो ना तो?" साहेबांबरोबरचा शिपाई हसला.

तीनदा ऑफिसात गेले. बाजारात माझ्या तोंडाला लागायची कोणाची टाप नाही. तिथे हात जोडले. "साहेब, तुमच्या माणसासमोर पसरते, त्याच्यासमोरच भरते. परत सील मारा."

"नियमात बसत नाही, मावशी." वर मला पाणी दिलं. वाईट माणूस असता तर शिव्या तरी घातल्या असत्या.

रोज सकाळी पोत्याला नाक लावायचे. आधी खारट वास, मग ओला, मग आंबूस. एक दिवस कोयता घेऊन खोलीत शिरले. श्रुतिका दारात आडवी. "लायसन माझ्या नावावर आहे, आई."

कोयता ठेवला.

जुलैच्या मध्यावर साहेब कागद घेऊन आले. "माल खाण्यालायक आहे. दोष फक्त लेबलात. दंड भरा, मांसाहाराची खूण छापा. पोती मोकळी." स्वतः दोरी कापली. आत काळी बुरशी, पार तळापर्यंत. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"रिपोर्टात तर चांगला आहे," ते पुटपुटले.

"मग न्या घरी. बायकोला सांगा चटणी करायला."

त्यांनी कागद पुढे केला. माल ताब्यात मिळाला, असं लिहिलं होतं. श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं.

"कर गं सही," म्हटलं. "मिळाला तर आहेच."