बोटाखालचा किल्ला

मित्रांनो, भांडुप स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर जे जुने लॅमिनेशनचे मशीन आहे, ते मीच. थोरवी सांगायला मी बोलत नाही. माझ्याकडून एक चूक घडली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझ्या पोटात दोन गरम रोलर आहेत. प्लास्टिकच्या पाकिटात कागद घालून माझ्या तोंडाशी धरला, की मी तो आत ओढतो, दाबतो आणि चकचकीत करून बाहेर देतो. मग त्याला पाणी लागत नाही की वाळवी लागत नाही. दुकानाचा मालक सुबोध याने मला आणले, तेव्हा शेजारच्या दुकानांत पेढे वाटले होते. दहावीचे दाखले, मासळी विकणाऱ्या बायकांचे परवाने, वारलेल्या आजोबांचा घरातला एकुलता एक फोटो, सगळे माझ्यातून गेले. जे जपायचे ते लॅमिनेट करायचे, असा इथला नेमच झाला. इतके दाखले पोटातून गेले, तेव्हा कुठे मला अक्षरे कळू लागली. लोक म्हणत, "झकास झालं!" आणि मी फुगून जाई.

वर टेकडीवरच्या चाळीत गुणाजी राहतात. छापखान्यासाठी चित्रांचे तांब्याचे आणि जस्ताचे ठसे, म्हणजे ब्लॉक, करण्यात त्यांची तीस वर्षे गेली. त्यांना एक वेगळाच नाद. आज जिथे बेल्जियम आहे, तिथल्या फ्लेमिश कारागिरांनी काढलेली किल्ल्यांची जुनी चित्रे ते जमवत. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि दोन जड रोलरमधून दाबून काढायचा; त्या दाबाने पत्र्याची कडही कागदावर उठते. अशी ती तीनशे वर्षांपूर्वीची चित्रे. पहिले त्यांना मुलुंडच्या रद्दीवाल्याकडे, एका फाटक्या पुस्तकात मिळाले. बाकीची आठ वांद्र्याच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून, पोटाला चिमटा काढून, चार-पाच वर्षांनी एक अशी घरी आली. किल्ले सगळे पाण्यातले. मालवणच्या माणसाला दुसरे काय आवडणार?

ते पहिले चित्र त्यांनी एकदा दुकानात आणले होते.

"वडापाव खाल्लंस मां? आधी हात पूस," ते सुबोधला म्हणाले. "आता हय बोट फिरव. कड लागता? तांब्याचो पत्रो हयपर्यंत होतो. तीनशे वर्सां झाली, कागद अजून ता इसराक नाय."

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. समोर नुसते धुके उरले. तेव्हापासून ते चित्रे बोटाने पाहत. पत्र्याची कड लागली की किल्ला त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहत असे.

गेल्या वर्षी त्यांच्या घरच्या भिंतीला ओल आली. त्या पहिल्या चित्रावर तपकिरी ठिपके पडू लागले. शेवंतीकाकी, त्यांची बायको, ते पदराखाली झाकून दुकानात आली.

"सुबोध, हे पक्कं करून दे. परवा ह्यांचा वाढदिवस आहे."

"काकी, काकांना विचारलंत ना?"

"विचारलं तर नायच म्हणणार. लग्नालासुद्धा आधी नायच म्हणाले होते!"

सुबोध हसला आणि त्याने माझे बटण दाबले.

कागद आत शिरला तेव्हा मला ती कड लागली. केसाएवढी उंच. क्षणात ओळख पटली. ज्याने या चित्राला जन्म दिला, तोही दोन रोलरांचाच होता. माझ्याच कुळातला. त्याने उठवलेली कड मी दाबून सपाट केली. मित्रांनो, एरवी मी कितीतरी कागद वाकडे घेतले, कितींना बुडबुडे आणले. त्या दिवशी मात्र एक सुरकुती पडली नाही. तितके सुबक काम मी आयुष्यात केले नव्हते.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी काकी पुन्हा आली. हातात उरलेल्या आठ चित्रांची फाईल.

"एवढे खूश झाले! बराच वेळ हात फिरवत बसले. म्हणाले, ब्येस झाला. आता हीपण कर."

सुबोधने पहिले पाकीट उघडले. माझे रोलर तापत होते. तेवढ्यात दारात काठी वाजली. गुणाजी धापा टाकत उभे होते. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात काकीची.

"शेवंती, थांब गो! मी काल खोटा बोललंय."

त्यांनी पिशवीतून ते चकचकीत चित्र काढले. चाचपून काकीचे बोट धरले आणि आधी फाईलमधल्या एका चित्रावरून फिरवले.

"काय लागता?"

"कड लागते."

"आता ह्येच्यावर फिरव."

काकीचे बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेले. तिने ते पुन्हा फिरवले. मग हात मागे घेतला.

"म्हणजे मी तुमचा किल्लाच..."

"तू नाय गो. ओल लागत होती, ता काय खोटा नाय. पण माका आता नुसता ताट लागता."

"सोलून काढू का, काका?" सुबोधने विचारले.

"नको रे. कागद प्लास्टिकाबरोबरच येतलो."

सुबोधने माझे बटण बंद केले. थंड व्हायला मला बराच वेळ लागला.

आठ चित्रे घरी परत गेली. ते चकचकीत झालेले पहिले मात्र काकीने नेले नाही. "हे इथंच लाव," ती सुबोधला म्हणाली. "कुणी जुना कागद आणला, तर ज्याची वस्तू आहे त्याला विचारून आणलीय का, ते आधी विचार. आणि एकदा बोट फिरवायला सांग."

तेव्हापासून सुबोध विचारतो. कितीतरी माणसे कागद घेऊन तशीच परत जातात. माझे काम कमी झाले आहे, त्याचे मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुम्हीही एखादी वस्तू जपायला निघालात, तर ती ज्याची आहे त्याला ती कशासाठी हवी असते, ते आधी विचारा. मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.

ते चित्र माझ्या समोरच्या भिंतीवर आहे. गिऱ्हाईक त्याच्यापुढे थांबते आणि म्हणते, "काय मस्त लॅमिनेशन आहे!" त्या किल्ल्याला चहूबाजूंनी पाणी आहे, मित्रांनो, आणि मी त्याला असे केले आहे की, आता त्याला पाणी लागत नाही.