वीसपैकी शून्य

"लहानू, तुमच्या वस्तीपुढे शून्यच लिहू ना?" अरुंधतीबाईंनी विचारलं आणि लहानूच्या हातातली कपबशी खणखणली.

१९६९ सालची गोष्ट. अरुंधतीबाई नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि लहानू गजभिये त्यांच्या विभागात शिपाई होता. माणसात चांगुलपणा येतो कुठून, कोणी बघत नसताना तो टिकतो का, हे बाईंना शास्त्रानं शोधायचं होतं. युक्ती साधी. पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली पाकिटं रस्त्यात पडल्यासारखी टाकायची आणि उचलून टपालपेटीत किती जण टाकतात ते मोजायचं. सगळ्यांवर नाव एकच, कुसुमताई देव, आणि पत्ता कॉलेजच्या ऑफिसचा. ही कुसुमताई बाईंनी मनानंच रचलेली. पाकिटं टाकायचं काम लहानूचं, आणि त्याबद्दल कुठं अवाक्षर काढायचं नाही अशी ताकीद.

नागपुरातल्याच महाल भागात वीस टाकली, चौदा आली. काटोलच्या बसस्टँडवर वीस टाकली, अकरा आली. तेव्हा लहानूच पुढे सरसावला होता. "आमच्या वस्तीतबी टाकू द्या जी. आमचे लोक कसे आहेत ते एकदा कागदावर येऊ द्या." छपन्न साली दीक्षा घेतल्यापासून वस्तीनं पंचशील नुसतं म्हटलं नाही, पाळलं, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

आणि आता आठ दिवस झाले, एकही पाकीट नाही!

"वाईट वाटून घेऊ नका. शून्य हेही उत्तरच असतं. उद्या तक्ता बंद करू," म्हणून बाई तासाला गेल्या.

खोलीत लहानू एकटाच. समोरच्या खणात तसलीच कोरी करकरीत पाकिटं पडलेली. दहा पेटीत टाकली तर कोणाच्या बापाला कळणार होतं? हात खणापर्यंत गेलासुद्धा. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. खोटं बोलणार नाही असं रोज हात जोडून म्हणायचं, आणि वस्तीच्या अब्रूसाठी खोटं टपाल टाकायचं? हॅट्! त्यानं खण बंद केला आणि गटागटा पाणी प्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी तक्ता काढून वस्तीपुढे शून्य लिहिलं, तोच दारात तीन बाया उभ्या राहिल्या. पुढे लहानूची शेजारीण, विड्या वळणारी गोपिकाबाई. हातात विडीच्या दोऱ्यानं बांधलेला पाकिटांचा गठ्ठा.

"अगं माय, लहानूभाऊ! तू इथंच काम करतं का गा? हे कुसुमताई कोण? त्याईचे कागद आणले. एकोणीस सापडले. अजून असतीन म्हणून आमचे माणसं नालीत पाहून राहिले."

"अहो, पेटीत का नाही टाकलीत?" बाईंनी विचारलं.

"कशी टाकाव जी? एका नावाचे इतके कागद वाटेत पडले, म्हणजे टपालाच्या थैलीलेच भोक पडलं असंन. पुन्हा त्याच थैलीत टाकाव का? मंग घरोघरी फिरून गोळा केले, विहारात ठेवले. आज आम्हाले सुट्टी, म्हणून पायीच आलो."

अरुंधतीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी खरं ते सगळं सांगून टाकलं. लहानूची मान खाली गेली.

"तुले माहीत होतं?" गोपिकाबाईनं विचारलं.

"हो वं, वहिनी. चुकलो."

ती मागच्या दोघींकडे वळली.

"म्हणजे कुसुमताई नाहीच वं! बरं झालं बापा. मले वाटे, त्या बिचारीची काही दुःखाची बातमी अडकून राहिली." पदरानं तोंड पुसून ती लहानूवर डाफरली, "आता घरी जाऊन त्या माणसाइले नालीतून बाहेर काढतो. तू ये संध्याकाळी, मंग पाहतो तुले!"

बाया गेल्या. बाईंनी तक्ता पुढे ओढला. त्यात रकाने दोनच, टपालानं आली आणि नाही आली. त्यांनी शून्य खोडायला पेन उचललं.

"राहू द्या जी," लहानू म्हणाला. "टपालानं नाहीच आली. ते खरं आहे."

त्यानं टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि शून्याच्या शेजारी तिसऱ्या रकान्याची रेघ मारली. रेघ जरा वाकडी आली. बाईंनी ती तशीच ठेवली आणि वर लिहिलं, 'चालत येऊन दिली'. खाली आकडा मात्र त्यांनी लहानूला लिहायला लावला.