बिननावाचं ड्रॉइंग

देवानंदला मी अरेतुरे करते ती नांदेडच्या पॉलिटेक्निकपासून. आम्ही एकाच वर्गात होतो. लग्नानंतर सासूबाईंनी बरीच नाकं मुरडली, पण सवय काही सुटली नाही. तेव्हा इथेही मी त्याला देवानंदच म्हणणार. कोणाला खटकलं तर खटकू दे.

तर हा देवानंद मस्कतमध्ये, बौशरच्या एका कन्सल्टन्सीत इंजिनियर आहे. उभं आयुष्य दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज तपासण्यात गेलं. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते: कोणी काढलं, कोणी तपासलं, तारीख, सही. त्या चौकटीवर त्याचा फार जीव. "सही नसलेलं ड्रॉइंग म्हणजे रद्दी," हे वाक्य आमच्या घरात मिठाइतकं वापरलं गेलंय. आमची एकुलती एक मुलगी मैत्री शाळेत होती तेव्हा तिची चित्रंसुद्धा हा तपासायचा. या पायांना एवढं वजन पेलवणार नाही म्हणून पाचवीतल्या पोरीला हत्तीचे पाय पुन्हा काढायला लावले होते. आणि पोरगीही अशी, की रडत नव्हती, खोडरबर घेऊन बसत होती. पुढे ती आर्किटेक्ट झाली, पण पप्पांनी बघितल्याशिवाय तिचा एक कागद घराबाहेर गेला नाही.

अशा सहीवेड्या माणसानं स्वतःचं नाव मात्र कधी पुरतं लिहिलं नाही. कार्डावर 'इंजि. देवानंद बी.' एवढंच, त्यातला बी वडिलांच्या नावाचा. ओमानी लोकांना तेवढं पुरतं. ते पहिल्या नावानंच हाक मारतात. पुरत नाही ते आपल्या लोकांना. इथल्या रुवी भागात कोणाच्या घरी जेवायला जावं, वरणभात वाढता वाढता कोणीतरी विचारणारच, "देवानंद म्हणजे आडनाव काय तुमचं?" हा हसून म्हणायचा, "आम्ही लातूरकडचे." विचारणाराला जे कळायचं ते कळायचं, आणि मी मनातल्या मनात त्या वरणाला शिव्या घालायची.

त्याचं असं का झालं ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होते. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकानं त्याला आधी आडनाव विचारलं. "सोनकांबळे," हा म्हणाला. परीक्षकानं गुंडाळी सोडलीच नाही. जशी होती तशी परत दिली आणि म्हणाला, "बरं, या." रात्र रात्र जागून काढलेलं ड्रॉइंग होतं ते. पास झाला, पण काठावर. त्या दिवसापासून सोनकांबळे फक्त पासपोर्टात राहिले. शाळेतसुद्धा पोरीचं नाव 'मैत्री देवानंद' एवढंच घातलं.

मैत्री पुण्यात शिकून परत आली आणि मस्कतच्याच गाला नावाच्या भागात दुकानं सजवणाऱ्या एका कंपनीत लागली. पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून काय करायची, तर मॉलमधले अत्तराचे ठेले काढायची. तिला त्याचा कंटाळा यायचा, चिडचिड व्हायची. मग एक दिवस ती उड्या मारतच घरी आली. इंग्लंडमध्ये नॉरफोक नावाची काउंटी आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. तिथल्या एका संस्थेनं तरुण आर्किटेक्टांसाठी स्पर्धा काढली होती. एका सखल गावात, जिथे नदीचं पाणी सारखं आत शिरतं, तिथे गावाला जमायला एक सभागृह हवं होतं. जगातून कोणीही भाग घ्यावा. जिंकेल त्याचं सभागृह खरोखर बांधणार होते. अट एकच, वय तिशीच्या आत हवं. मैत्रीला पुढच्या उन्हाळ्यात तीस पूर्ण होणार होती.

"मम्मी, धिस इज माय लास्ट चान्स," ती म्हणाली. "हे झालं ना, तर मी अत्तरवाल्यांना खलास म्हणणार."

आम्ही वादी अदाईला राहतो. वादी म्हणजे कोरडी नदी. वर्षभर तिच्यात पोरं क्रिकेट खेळतात आणि डोंगरात पाऊस झाला की तासाभरात तिथून गाड्या वाहून जातात. मैत्री हे लहानपणापासून खिडकीतून बघत आली आहे. तिनं सभागृह पाण्याला अडवणारं काढलं नाही, वाट देणारं काढलं. खांबांवर उचललेलं, खालून पाणी निघून जाईल असं, आणि पाणी आलं तरी वर गावाची बैठक चालू राहील असं. देवानंदनं खांबांचा हिशोब करून दिला. दोन महिने बापलेक रोज जेवणानंतर त्या टेबलावर. मी भांडी घासत त्यांची भांडणं ऐकायची. इतकं सुख मला या घरात आधी मिळालं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही.

शेवटचा दिवस शुक्रवार होता. मोठ्या शीटा अजून कॉम्प्युटरवर तयार होत होत्या, तेवढ्यात तिच्या कंपनीचा फोन आला. बौशरच्या मॉलमधल्या ठेल्याची काच चुकीची बसली होती, अर्बाब, म्हणजे मालक, स्वतः तिथे उभा होता, यल्ला, ताबडतोब ये. मैत्रीनं कपाळावर हात मारला.

"पप्पा, सगळं लॉगिन करून ठेवलंय. शीट्स झाल्या की फक्त अपलोड करा. तीनच्या आत. दुसरं काही करायचं नाही."

"अगं, हजार ड्रॉइंग्ज पाठवलीत मी," देवानंद म्हणाला. "जा तू."

दोनच्या सुमारास मी चहा घेऊन गेले तर हा शीटेकडे बघून डोकं हलवत होता.

"माधवी, पोरगी चौकटच घालायला विसरली. नाव नाही, सही नाही, काही नाही. असं पाठवतात का?"

"तिला विचार ना."

"तीनदा लावला. उचलत नाही. मॉलच्या तळघरात असेल."

मग त्यानं तिची मूळ फाईल उघडली आणि पहिल्या शीटेच्या कोपऱ्यात चौकट आखली. इतकी सुबक, की ती आधीपासूनच तिथे होती असं वाटावं. तारीख घातली. मग थांबला. बोटं तशीच कीबोर्डवर. आणि त्यानं सावकाश टाइप केलं: 'मैत्री देवानंद सोनकांबळे'. पूर्ण. मी त्याच्या खांद्यावरून वाचत होते.

"जाऊ दे तिकडे," तो म्हणाला. "गोऱ्यांना काय कळतंय कोण सोनकांबळे. जिंकली तर हेच नाव लागेल तिथे पाटीवर."

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी त्याचा फार अभिमान वाटला. त्यानं बटण दाबलं, आणि आम्ही दोघांनी गार झालेला चहा प्यायला.

ईमेल आला तो पुढच्या आठवड्यात. मैत्री जेवणाच्या टेबलावर फोनमध्ये बघत होती. तिचा घास हातातच राहिला. उठली, लॅपटॉप आणला, आपलीच शीट उघडली आणि कितीतरी वेळ कोपऱ्याकडे बघत राहिली.

"पप्पा, हे कोणी लिहिलं?"

"मी!" देवानंद खुशीत म्हणाला. "अगं, तू विसरली होतीस. फोन लागेना. म्हटलं, असं बिननावाचं जायला नको. काय म्हणतायत? आवडलं?"

"त्यांनी बघितलंच नाही."

"म्हणजे?"

"पप्पा, रूल आहे. शीटवर नाव असेल तर ते डिस्क्वालिफाय करतात. जूरीकडे पाठवतच नाहीत. नाव नाही लिहायचं असतं. फक्त नंबर."

देवानंदला अजून कळलं नव्हतं. "मग रिव्हिजन पाठवू ना. चौकट काढायला मला दोन मिनिटं लागतात."

"नाही चालत! इट्स ओव्हर!" आणि मग ती जी इंग्रजीत सुटली, ती मी जन्मात तिला तशी बोलताना ऐकली नव्हती. "यू डिडन्ट इव्हन आस्क मी! दुसरं काही करू नका म्हटलं होतं ना मी!" मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि हेही वाटत होतं की बापाशी असं बोलते म्हणून एक ठेवून द्यावी. मी दोन्ही केलं नाही. आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवत बसले.

देवानंदनं लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मग त्यानं विचारलं, "नाव बघतच नाहीत?"

"नाही."

"कोण, कुठला, कोणाचा, काहीच माहीत नसतं त्यांना?"

"काहीच नाही. आधी काम बघतात. निकाल लागल्यावर नाव उघडतात."

"आडनाव कोणालाच ठाऊक नसतं?"

"नाही, पप्पा. म्हणून तर रूल आहे." ती आता रडत होती.

देवानंद माझ्याकडे वळला. ताटातलं बोट तसंच. "माधवी, मला आयुष्यभर अशीच परीक्षा हवी होती गं. ती पोरीला मिळाली, आणि तिथे मी नाव लिहून आलो."

त्या रात्री पुढे कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसातून त्या लोकांना ईमेल लिहिला, मैत्रीला न सांगता. आमच्या इथल्या ऑफिसांची ती खास इंग्रजी, आदरणीय महोदय, आपणास शुभेच्छा, चूक उमेदवाराची नसून वडिलांची आहे, तरी कृपया विचार व्हावा. उत्तर आलं, फार सभ्य. त्यांना वाईट वाटत होतं, पण एकासाठी नियम वाकवला तर बाकीच्यांवर अन्याय होईल. देवानंदनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं." मला वाटतं, त्यानं जरा कमी समजूतदार व्हायला हवं होतं. त्या लोकांवर चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

निकाल लागला तेव्हा मी चोरून बघितला. जिंकलेलं सभागृह छान होतं. उतरतं छप्पर, लाकडाच्या भिंती. मैत्रीच्यापेक्षा चांगलं होतं का? मला ते कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांनी तिचं बघितलंच नाही. हरली असती तर हरली म्हणून गप्प बसलो असतो. आता ते चांगलं होतं की नाही हे कधी कोणालाच कळणार नाही, आणि हेच मला रात्री टोचतं.

मैत्रीचा राग फार टिकला नाही. तो तिच्या स्वभावात नाही. तीस पूर्ण झाली, तिनं अत्तराचे ठेले काढणं चालू ठेवलं. ती पप्पांशी नीट बोलते, चेष्टा करते, औषधांची आठवण करून देते. आणि मग मध्यंतरी तिला त्याच काउंटीची दुसरी स्पर्धा सापडली. आता वयाची अट नव्हती. फार मोठं काम नव्हतं, खेड्यातल्या रस्त्याकडेचा बसथांबा. पण तिनं पुन्हा टेबल मांडलं, पुन्हा जागली. हे बघून मला धीर आला.

पाठवायच्या दिवशी तिनं हाक मारली, "पप्पा, जरा बघता का? छताचा एक कोपरा फार बाहेर आलाय. खांब पुरेल ना?"

देवानंद उठला. तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याशीच थांबला. स्क्रीन तिथून दिसत नव्हती.

"तुझं तू बघ बेटा."

"पप्पा, नुसता हिशोब बघायचाय. काही टच नका करू."

"नको. माझी नजरसुद्धा नको."

"पप्पा, मला खरंच येत नाही हे. प्लीज." तिचं मराठी अडखळलं. "तुम्ही बघितलं नाही तर मला... मला भीती वाटते."

मी मागून म्हटलं, "अरे, एवढी बोलावतेय ती. जा ना आत." त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत येऊन सोफ्यावर बसला. पेपर उघडा होता, पण तो वाचत नव्हता. मला त्याला गदागदा हलवून सांगावंसं वाटलं, की अरे बाबा, नाव लिहू नको म्हणालेत ते, बाप होऊ नको असं कोणी म्हणालं नाही. पण त्याचा चेहरा बघून मी नुसता त्याच्या हातातला पेपर काढून घेतला.

मैत्री दाराकडे बघत बसली. वेळ संपत आला तशी ती स्क्रीनकडे वळली, आणि तो कोपरा तसाच ठेवून तिनं ड्रॉइंग पाठवून दिलं.